पाटलाच्या पायाचं तीर्थ

मी विहीर आहे. पायऱ्यांची, काळ्या दगडाची, केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवरची. माणसं म्हणतात विहिरीला तोंड असतं, पण बोलता येत नाही. बरं झालं. बोलता आलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते आणि माझा राग तिथंच संपला असता. तो संपला नाही. तो मी पोटात ठेवला.

मला कोणी खोदलं ते आता गावात कोणाला माहीत नाही. खोदणाऱ्यांनी सात हात खडक फोडला तेव्हा उगवतीच्या बाजूनं झरा लागला. माणसं उतरून ओंजळीनं पाणी पिऊ शकतील म्हणून त्यांनी पायऱ्या बांधल्या. हेतू चांगला होता. पण पायरी दिसली की माणूस पाण्यापाशी थांबत नाही, पाण्यात उतरतो.

आधी कपडे आले. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल आले, त्यांचं शेण आलं. गणपतीची फुलं आली, ती कुजली. दिवाळीनंतर शेजारच्या नाल्यात दोरांसाठी अंबाडी भिजत घालायचे. तिचा सडका वास झऱ्यातून माझ्यात उतरायचा आणि घरोघरी लेकरांना हगवण लागायची. बाया म्हणायच्या, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि त्याच हातानं माझंच पाणी पाजायच्या.

हे सगळं मी सोसलं. पण जानराव पाटलाचं नाही सोसलं.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आदल्या उन्हाळ्यात जानराव लग्नाला दूरच्या गावी गेला होता आणि तिथल्या पाण्यातून नारू घेऊन आला होता. नारू घाईत नसतो. वर्षभर तो अंगात मुकाट वाढतो, मग पायाला फोड येतो, आग होते आणि फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावतो. ही आग थंड पाण्यात शांत होते. एवढंच जानरावाला कळलं होतं. रोज दुपारी तो शेवटच्या पायरीवर बसायचा आणि घोट्यापर्यंत पाय माझ्यात सोडायचा. त्याची सून रुख्मिणी पाय पुसायचं फडकं घेऊन वरच्या पायरीवर उभी असायची.

गार पाणी लागलं की तो किडा हजारो पिल्लं सोडायचा. मला ती कळत होती. माझ्या अंगात ती वळवळत होती.

गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या बायांना पायऱ्या उतरायची मनाई होती. विटाळ होईल म्हणे. त्या काठावर ताटकळत उभ्या राहायच्या आणि कोणी दया केली तर खालून घागर भरून मिळायची. त्या दिवशी मोतीबाई आली. तांड्यावर तिच्या शब्दाला मान होता. पाण्यातला पाय तिनं वरूनच पाहिला.

"पाटील, पाय भायेर काढा. तेच पानी आमाले देता तुमी."

जानरावानं वर पाहिलंही नाही. "भेटून राह्यलं हेच लय झालं म्हना. पाटलाच्या पायाचं तीर्थ हाय, डोळे मिटून प्या."

काठावरचे दोघं-तिघं हसले. मोतीबाईनं नुकतीच भरून मिळालेली घागर उचलली आणि दगडावर पालथी केली.

"तीर्थ तुमच्या घरच्याइले पाजा. आमी वाळू उकरू."

त्या दिवसापासून तांड्यानं मला सोडलं. त्यांनी नाल्याच्या वरच्या अंगाला, अंबाडीच्या डोहाच्याही वर, वाळूत झिरा खोदला. वाट लांबची, पाणी थोडं, पण वाळूतून निथळलेलं.

मी मनाशी म्हटलं, जानराव, पाहून घेईन. तू जे दिलंस तेच परत देईन. वर्ष लागेल, लागू दे.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर गाव आडवं झालं. घरात माणूस दिसायचा तो खाटेवर, पायाला फडकं, किड्याचं टोक बारीक काडीला गुंडाळलेलं. रोज बोटभर ओढायचा आणि थांबायचं. तुटला तर पाय सडतो. टोपल्यांत सरकी तशीच पडली, तिफणी भिंतीला टेकून राहिल्या. जानरावाला दोन्ही पायांना झाला. हे पाहून मला किती थंड वाटलं ते सांगत नाही.

पण त्याची जीभ शाबूत होती. माझ्याच काठावर त्यानं पंच बसवले.

"तांड्यानं करनी केली," तो म्हणाला. "गेल्या साली ते बाई घागर पालथी करून गेली, तवाच मले समजलं होतं. तांडा उठवा इथून. चार बैलगाड्यांत घालून जाऊ द्या तिकडं."

तांड्याची माणसं समोर उभी होती. झोपड्या, शेळ्या, नुकताच मिळालेला जमिनीचा तुकडा, सगळं त्या एका शब्दावर होतं. पंचांतल्या म्हाताऱ्या मारोतरावानं विचारलं, "काव मोतीबाई, काय म्हनतं तू?"

मोतीबाईनं घागऱ्याचा घेर नडगीपर्यंत उचलला. मागच्या बायांनीही उचलला. पाय धुळीनं भरलेले, पण धड.

"आमच्यात एकालेई नाही. साल झालं, हे पानी आमच्या तोंडात नाही. जो हे पानी पेला, तोच पडला. हे करनी नाही, पानी हाय."

मग मागून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, लंगडत रुख्मिणी आली. तिच्याही घोट्याला काडी बांधलेली होती.

"मामंजी गेल्या साली रोज पाय बुडवत होते," ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "फडकं मीच धरलं होतं."

"घरात चाल, तुले दाखवतो," म्हणत जानराव तिच्यावर हात उगारून उठला. त्याच्या घोट्याची काडी माझ्या काठाच्या फटीत अडकली. दगड माझा होता. मी सोडली नाही. आतला किडा तुटला. तो मटकन खाली बसला आणि पाय धरून विव्हळला. पंचांपैकी एकानंही त्याला हात दिला नाही.

तांडा राहिला. जानरावाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला, सडला, आणि बरा झाला तेव्हा लाकडासारखा ताठ होता. आता तो बैलगाडीतून शेत पाहतो. गाडी माझ्या बाजूनं जाते तेव्हा तो दुसरीकडे बघतो. मी त्याच्याकडेच बघते.

पुढे वाशीमहून आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी पायऱ्या विटांनी बुजवल्या, वर कठडा बांधला, दोर ओढायच्या गिरक्या लावल्या आणि पाणी फडक्यातून गाळून प्यायला सांगितलं. आता गाव आणि तांडा एकाच कठड्यावरून दोर सोडतात. कुरकुर होते, पण कोणी कोणाला हटकत नाही.

मला अजून राग आहे. अंबाडी अजून नाल्यातच भिजते, लेकरांना अजून हगवण लागते. मी पाहते आहे.

रोज सकाळी रुख्मिणी येते. तिचा पाय अजून जड पडतो. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिनं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. पण मी पाणी आहे, एका घागरीला विष आणि दुसरीला अमृत असं मला देता येत नाही. म्हणून सांगते, तुमच्यातल्या जानरावाला तुम्हीच काठावरून उठवा. माझ्यावर सोपवलंत तर मी घर बघून थांबत नाही.