संत्र्याची सड दाखवणारा पिवळा फिल्टर

मी एक जुना, ओरखडलेला पिवळा फिल्टर आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायची गोल काच. तुम्हाला मित्रांनो म्हणालो असतो, पण काचेवर बोटं उमटवणाऱ्यांशी माझी मैत्री नाही.

वाडीतल्या एका फळ-प्रयोगशाळेत हिमानीताईंनी मला निवडलं. संत्र्यावर जांभळा प्रकाश टाकला, की सालीतली सड हिरवट-पिवळी चमकते. ती चमक फार मंद असते. जांभळा उजेड अडवायचा आणि तेवढी चमक आत सोडायची, हे माझं काम. ताईंनी प्रत्येक काच आधी त्या प्रकाशात धरली. काही काचा स्वतःच चमकल्या. त्यांच्या चमकेत सडीची चमक हरवली असती, म्हणून त्या त्यांनी बाजूला सारल्या. मी चमकलो नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

मग प्रेमानंद सर प्रमुख म्हणून आले.

"फोटो काळे येऊन राहिले. काढ ते पिवळं."

"सर, तो काढला तर सारा जांभळाच उजेड दिसन. सड दिसणार नाही," ताई म्हणाल्या.

"तू मले शिकवून राहिली काय?"

त्यांनी मला भिंगावरून काढून किल्ल्यांच्या खणात फेकलं. किल्ल्यांनी माझं तोंड ओरबाडलं. बाहेर फोटो छान उजळ निघू लागले, आणि सगळे जांभळे. त्यांच्याच भरवशावर सरांनी सुमतीबाईंच्या बागेतली संत्री निरोगी ठरवली. बाईंनी ती शीतगृहात ठेवली. तिथे ती सडली.

बाई उरलेली पेटी घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या.

"तुम्ही चांगली म्हटली होती ना? मग सडली काहून?"

"आमचा फिल्टरच खराब होता," सर म्हणाले.

खणात पडलेल्या माझ्यावर त्यांनी आळ घेतला! ताई उठल्या. त्यांनी पेटीतलं वरून धड दिसणारं एक संत्रं उचललं. जांभळ्या प्रकाशात एक फोटो माझ्याशिवाय काढला, एक मला खणातून काढून भिंगावर लावून. पहिला नुसता जांभळा. दुसऱ्यात, माझ्या ओरखड्यांतूनही, देठाजवळ सड लखलखत होती.

बाईंनी दोन्ही फोटो पाहिले. "म्हणजे दिसत होतं. तुम्ही पाह्यलं नाही."

सर निघून गेले. माफी बाईंना मिळाली नाही, मलाही नाही.

ताईंनी माझ्या जागी नवी काच आणली. ओरखड्यांनी प्रकाश विखुरतो. त्यांचं चुकलं नाही. पण तुम्हाला सांगतो, काचेला कडेनं धरा, मऊ कापडात ठेवा. आणि फोटो काळा आला म्हणून आमच्यावर ओरडू नका. आधी विचारा, आम्ही काय अडवतोय आणि कशासाठी.