अप्पांची कबुतरं, ससाणीची पिल्लं

आमच्या श्रीहरीला, माझ्या लेकाला, दयेचा रोगच आहे म्हणा. मुंग्यांची रांग दिसली की हा माणूस चपला हातात घेऊन कडेकडेने जातो. दुकानात उंदीर सापडला तर पिंजऱ्यासकट स्कूटरवर ठेवून लांब माळावर सोडून येतो, आणि उंदीर त्याच्या आधी परत येत असणार, कारण आमच्या दुकानातले उंदीर काही कमी होत नाहीत. बायकोला ताप आला तर मात्र "गोळी घे की" म्हणून मोकळा. ते असू दे. पण अशा माणसाने तीन पोरांच्या कानाशी सुतळी बॉम्ब लावावेत, ही कुठली दया?

पोरं म्हणजे ससाणीची.

अमरगोळच्या बाजार समितीच्या यार्डात आमची अडत आहे, मिरची आणि शेंगांची. मागे गोदाम. गेल्या वर्षी मिरचीची पोती चोरीला गेली, तेव्हा श्रीहरीने पुढे एक आणि मागच्या भिंतीला वर, पत्र्याखाली एक, असे कॅमेरे बसवले. चोर काही दिसला नाही. संक्रांत झाल्यावर दिसली ती ही बया, कॅमेऱ्यासमोरच्या अरुंद कट्ट्यावर येऊन बसलेली. पाठ पाटीसारखी काळी, पोट विटकरी, आणि डोळ्यांखाली काजळ ओघळल्यासारखे पट्टे. माझी सून मनीषा, तिने फोनमध्ये शोधून सांगितलं, "आई, ही शाहीन. ससाण्यातली जात."

मी म्हटलं, "असेल. पोतं तर उचलणार नाही ना?"

नवनगरच्या घरात मग मनीषा त्या कॅमेऱ्याचं चित्र लावून फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवायला लागली. एकदा दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी तोंड सोडलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा ओट्याशी मी उभी होते. मनीषाने फडकं घेऊन ओटा पुसला. शहाणी आहे.

त्या ससाणीने घरटं म्हणून एक काडी आणली नाही. धुळीत छातीने खळगा केला आणि घातली अंडी. मला माझ्या नणंदेचा संसार आठवला. या ससाणीचा नवरा हिच्याहून अंगाने लहान. खायला आणायचा, ठेवायचा आणि निघायचा. जरा रेंगाळला की ही त्याच्या अंगावर जायची. मनीषा खुदकन हसली.

"कोण आठवलं ग?" मी विचारलं.

"कुणी नाही, आई."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पिल्लं बाहेर आली आणि ती पहिल्यांदा कबुतराची पिसं उपसायला लागली, तेव्हा मी तोंडाला पदर लावून देवघरात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पदराआडून बघितलं. मग पदर खाली आला तो आलाच. कारण तिचं भरवणं. एवढी बाकदार चोच, हाड मोडणारी, पण त्या चोचीने ती लवंगेएवढा तुकडा काढायची, मान तिरकी करायची आणि उष्टावणाचा पहिला घास द्यावा तसा पिल्लाच्या तोंडात ठेवायची. मी चार पोरं वाढवली. इतक्या धीराने एकालाही भरवलं नाही, खरं सांगते.

थोरली दोघं दांडगी. धाकटं मागे राहायचं. त्या दोघांची पोटं भरेपर्यंत त्याची पाळीच यायची नाही. मी काचेवर बोट आपटायची, "अगं बाई, मागे बघ, मागे!" एकदा बोट भलतीकडे लागलं, चित्र बदललं, आणि मनीषा येईपर्यंत मी गोदामाच्या दारात तंबाखू मळणाऱ्या आमच्या मंजुनाथ हमालाकडे बघत बसले होते.

कापसाच्या बोंडासारखी होती ती पोरं, बघता बघता अंगाने भरली. आधी पाय वाढले, मग पंखांतून काळी पिसं डोकावली. जुना कापूस इथे तिथे चिकटून राहिला, फाटक्या गोधडीतून निघावा तसा. ऊन वाढत चाललं होतं. कट्टा मावळतीच्या अंगाला, वर तापलेला पत्रा. दुपारी ती ससाणी पोरांच्या आणि उन्हाच्या मध्ये पंख पसरून उभी राहायची. चोच उघडी, धाप लागलेली, पण हलायची नाही. त्या दिवसांत मीही दुपारची आडवी झाले नाही.

आता कबुतरांचं सांगते. माझे यजमान विठ्ठलराव, पोरांचे अप्पा, दुकानाचं शटर उचलायच्या आधी समोरच्या कट्ट्यावर पसाभर जोंधळा टाकायचे. मामंजी गडहिंग्लजकडून इकडे कानडी मुलखात येऊन अडत घालून बसले, तेव्हापासूनची रीत. गेल्या वर्षी यजमान गेले. श्रीहरीने रीत मोडली नाही, उलट पशाची पाटी केली. त्या थव्यात एक पांढरं कबूतर होतं. ते सरळ आत यायचं आणि यजमानांच्या गादीवर बसायचं. श्रीहरी त्याला उठवत नसे. स्वतः स्टुलावर बसायचा. गिऱ्हाइकं हसायची, हा हसायचा नाही.

एका सकाळी फोनच्या काचेवर पांढरी पिसं उडाली. मनीषाच्या हातातली पळी तशीच थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

यार्डात श्रीहरीनेही आपल्या फोनवर ते बघितलं होतं. माकडं हाकलायला दुकानात फटाके असतात. दुसऱ्या दिवशी त्याने मंजुनाथला गोदामामागे उभं केलं. आम्हाला घरी आवाज कुठून येणार? धूर दिसला आणि पिल्लं भिंतीला चिकटलेली दिसली. ससाणी येताना दिसली, पुन्हा धूर. मग ती आलीच नाही. ऊन कट्ट्यावर चढलं. पत्र्याच्या कडेला बोटभर सावली होती, तिच्यात थोरली दोघं घुसली. धाकट्याला जागा राहिली नाही. ते सरकत सरकत कडेला गेलं आणि मान टाकून बसलं, चोच उघडी. खाली फरशी.

मनीषाने मंजुनाथला फोन लावून दिला. "काय रे चाललंय?"

"अव्वा, गिडुग ओडसाक हत्तेनि. अण्णांनी सांगितलंय." ससाणी हाकलतोय म्हणे!

"अण्णाला फोन दे."

अण्णा, म्हणजे आमचा श्रीहरी, फोनवर येईना.

"मनीषा, रिक्षा बोलाव."

"आई, केवढं ऊन—"

"माझ्या डोक्यावर पदर आहे. त्या पोराच्या डोक्यावर काय आहे?"

यजमान गेल्यावर मी यार्डात पाऊल टाकलं नव्हतं. पायरीवर जरा थांबले, मग मनीषाला घेऊन सरळ मागे गेले. मंजुनाथ एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात बॉम्ब घेऊन उभा. म्हटलं, "ती उदबत्ती देवापुढे लाव, आणि दुसरं दे इकडे." त्याने निमूट दिलं. ते पदराखाली घेऊन मी दुकानात आले. श्रीहरी स्टुलावर. गादी रिकामी.

"आई, तू? कशाला आलीस?"

"तुझा पराक्रम बघायला. वर पोर मरतंय उन्हात."

"आणि अप्पांचं कबूतर मेलं त्याचं काय?"

"कबूतर अप्पांचं कधीपासून झालं?"

मनीषाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने तसाच धरून ठेवला. मग खालच्या मानेने म्हणाला, "दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आई."

आम्ही बायका तळ्यावर गेलो नव्हतो. मला घरी येऊन सगळ्यांनी सांगितलं होतं, पिंड ठेवला आणि लगेच शिवला.

"झाडावर बसले होते सगळे. एक खाली येईना. काका म्हणाले, जीव अडकलाय कशात तरी, बोल. मी म्हटलं, दुकान सांभाळीन. नाही. म्हटलं, आईला काही कमी पडू देणार नाही. तरी नाही."

"बघ, माझी किती काळजी होती त्यांना!" मी म्हटलं. तो हसला नाही.

"मग म्हटलं, अप्पा, तुमच्या कबुतरांना काही होऊ देणार नाही. तोंडातून शब्द जातोय तोवर शिवला, आई. आणि मी काय करतोय? रोज सकाळी दाणे टाकून त्यांना गोळा करतोय आणि तिच्या तोंडी देतोय."

केस पिकलेला माझा पोरगा पोत्याच्या थप्पीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. माझ्या जिभेवर तिखट शब्द तयार होता, तो गिळला. वर्षभर हे ओझं एकट्याने वागवलं याने. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, मनीषाच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"मनीषा, फोन ठेव इथे."

तिघं वाकून बघत बसलो. मंजुनाथ दाराशी येऊन उभा राहिला. कट्ट्यावर ऊन तसंच, धाकटं तसंच. एकदा त्याचं डोकं कडेवरून खाली लोंबलं आणि श्रीहरीने हात पुढे केला, जसं काही त्या काचेतून ते उचलता येणार होतं.

मग ती आली. पायात कबूतर होतं, राखी रंगाचं. ते खाली टाकून ती आधी काय करते, तर कडेला जाऊन पंख सोडून उभी राहिली. धाकटं सरपटत तिच्या सावलीत शिरलं. तिने पिसं उपसली, तुकडा काढला, मान तिरकी केली. इतक्या दिवसांत पहिला घास धाकट्याला.

"घेतलं का ग त्याने?" श्रीहरी.

"घेतलं," मनीषा म्हणाली.

"आणखी दे म्हणावं तिला, तेवढ्याने काय होतंय," तो बोलून गेला, आणि मग स्वतःच ओशाळून माझ्याकडे बघायला लागला.

मी त्याच्या दंडाला धरलं, स्टुलावरून उठवलं आणि बापाच्या गादीवर बसवलं. दुकानभर ऐकू जाईल असं म्हटलं, "श्रीहरी, ऐक. तुझ्या बापाबरोबर जन्म मी काढलाय, कावळ्याने नाही. ते दाणे टाकायचे आणि पाठ फिरवून शटर उचलायचे. कोण आलं, किती खाल्लं, कुणी कुणाला नेलं, एक दिवस त्यांनी वळून बघितलं नाही. दाणे टाकायचे हा त्यांचा नेम, तेवढा पाळ. राखण त्यांनी स्वतः कधी केली नाही, ती तुझ्याकडून कशाला मागतील? फटाके माकडांसाठी ठेव. उद्या जोंधळा टाक, पाठ फिरव आणि या गादीवर बस. मागच्या कट्ट्यावर कोण काय खातं ते मी बघते. नाहीतरी दूध माझंच उतू जातंय."