मायर्सडेल ते वॉशिंग्टन, सायकलने

ऑर्विल नेप तरुणपणी मायर्सडेलला रेल्वेत गँगमन होता. कंपनीने मार्ग बंद केला, रूळ उखडले आणि कालांतराने त्याच जागेवर सायकलवाट झाली. तेव्हापासून घट्ट रंगीत चड्ड्या घातलेली माणसं दारावरून गेली की ऑर्विल ओसरीवरून त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात टोमणे मारायचा. त्याची बायको डार्लिन त्याच माणसांना खोली भाड्याने द्यायची, सकाळी पॅनकेक खाऊ घालायची.

एकोणसत्तराव्या वर्षी एका सकाळी डार्लिन म्हणाली, "मी वॉशिंग्टनला चाललेय. सायकलने."

"अस्सं? आणि परत कशाने, अँब्युलन्सने?"

"तू येणार नसशील तर एकटी जाईन."

ती अर्ध्यात रडेल तेव्हा उचलून आणायला कुणीतरी हवं, अशा उदात्त हेतूने ऑर्विल निघाला. शिवाय त्याने मुलाला गुपचूप फोन केला, "कर्टिस, संध्याकाळी ट्रक घेऊन कंबरलंडला ये. तुझ्या आईच्याने पुढे काही व्हायचं नाही."

कंबरलंड बत्तीस मैलांवर. पहिले आठ मैल नावापुरता चढ, मग थेट उतार. सायकल सोडून दिली तरी पोचेल असा. बोगदा येईपर्यंत ऑर्विल बायकोला प्रत्येक वळणाचा इतिहास सांगत होता. इथले स्लीपर मी बदलले, तिथली खडी मी टाकली. ऐकून वाटावं, डोंगर पोखरला तोही यानेच. बोगद्यानंतर मात्र इतिहास आटला. पुढचा उतार तो बराचसा, सीटवर बसवेना म्हणून, पॅडलवर उभा राहून उतरला.

कंबरलंडला रेल्वेची वाट संपते आणि कालव्याकाठची सुरू होते. तिथे कर्टिस ट्रकला टेकून उभा होता.

"आई, चल, सायकल चढवतो."

डार्लिनने आधी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिच्या सगळं लक्षात आलं.

"चढव. पण ह्याची. आणि ह्याला पुढे बसव, पाठीमागे फार हादरे बसतात."

"माझं काय बिघडलंय?" ऑर्विल ओरडला. ओरडताना तो एका हाताने कंबर धरून होता.

तो घरी गेला. ती पुढे गेली. एकशे चौऱ्याऐंशी मैल, पावसाने चिखल झालेली वाट, हातपंपाचं औषधी वासाचं पाणी. रोज संध्याकाळी ती फोन करायची. "हॅनकॉकला पोचले. माणसं चांगली आहेत." ऑर्विल म्हणायचा, "चड्ड्या कसल्या घालतात?" आणि फोन ठेवल्यावर नकाशावर बोट ठेवून बसायचा. ओसरीवर जाणं त्याने सोडलं. रिकाम्या घरात टोमणे मारायलाही मजा येईना.

पाचव्या दिवशी तो स्वतःच ट्रक घेऊन वॉशिंग्टनला, वाट जिथे संपते त्या जॉर्जटाउनला गेला, तेही तीन तास आधी. डार्लिन आली ती कानापर्यंत चिखलाने माखलेली, दोन रंगीत चड्डीवाल्यांशी हसतखिदळत.

"उशीर केलास," ऑर्विल म्हणाला.

"लवकर आले असते, पण वाटेत पाय भिजवत बसले होते. ट्रक आणलास ते बरं केलंस. माझ्या पिशव्या टाक त्यात. मी सायकलनेच परत येतेय."

ऑर्विलने पिशव्या उचलल्या.

परतीचे सहाही दिवस तो ट्रकने गावोगाव तिच्या आधी पोचत राहिला. सँडविच घेऊन थांबायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक चड्डीवाल्याला विचारायचा, "मागे एक बाई दिसली का हो? माझी बायको आहे ती."