रेघेला चिकटून वीस बादल्या

गुडघ्याचं ऑपरेशन करून धाकटी अकराव्या दिवशी घरी आली, तेव्हा अंगणातला तिचा वाफा गायब होता. तिथं सिमेंट ओतलेलं होतं. टोमॅटो, मिरच्या, पुदिना सगळं उपटून कचऱ्याच्या डब्यात कोंबलं होतं.

"चिखल फार व्हायचा गं," शेजारच्या दारातून मोठी जाऊ म्हणाली. "शिवाय आता गाडी आत घेता येईल."

दोन भावांची दोन घरं, मध्ये एकच अंगण, निम्मं निम्मं. वाफा धाकटीच्या निम्म्यात होता, बारा वर्षांपासून. दवाखान्यात जाताना हीच बाई म्हणाली होती, "निर्धास्त जा, झाडांना पाणी मी घालीन."

"जाऊ दे," नवरा म्हणाला.

"जाऊ दिलीच आहे देवानं," धाकटी म्हणाली. "आता मी तिला सोडत नाही."

तीन आठवडे ती पाय लांब करून खिडकीशी बसली आणि त्या सिमेंटकडे बघत राहिली. भांडली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती, मोजूनमापून काम करायची सवय. पोरांनी बाटलीतल्या पाण्यावर वाढवलेले घेवडे तिनं दरवर्षी पाहिले होते. माती नाही ना, मग मातीवाचून.

चालायला लागल्यावर तिनं रंगाऱ्याकडून वीस रिकाम्या बादल्या मागून आणल्या. झाकणाला भोक, भोकात छिद्रं पाडलेला प्लास्टिकचा पेला, पेल्यात खडी आणि रोप. बादलीत खताची पूड विरघळवलेलं पाणी, पेल्याचा तळ जेमतेम भिजेल एवढंच. उजेडानं शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून काळा रंग. रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते, मुळं तिच्यामागे खाली जातात आणि वरच्या मुळांना हवा मिळते. पंप नको, वीज नको.

मग टेप लावून तिनं अंगणाच्या मधोमध खडूची रेघ ओढली आणि आपल्या बाजूनं, रेघेला चिकटून, बादल्यांची रांग मांडली.

संध्याकाळी मोठे दीर गाडी घेऊन आले. गाडी आत शिरली, दार मात्र उघडेना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बादल्या. शेवटी बिचारे सीटवरून रांगत डिकीतून बाहेर पडले. धाकटी खिडकीत चहा पीत होती. चहा कधी नव्हे इतका गोड लागला.

"ती डबडी हलव आधी!" मोठी जाऊ ओरडली.

"माझ्या हद्दीत आहेत, जाऊबाई. टेप आणू?"

महिन्याभरानं एका दुपारी शाळेतून येऊन तिनं झाकणं उघडली, तर सहा बादल्यांत फेस. कपड्यांच्या साबणाचा वास, मुळं तपकिरी, बुळबुळीत. कोणाचं काम ते सांगायला नकोच होतं. तिनं बादल्या तीनदा धुतल्या, नवी रोपं लावली आणि झाकणं तारेनं आवळली.

टोमॅटो पिकले तेव्हा तिनं गल्लीतल्या घराघरांत पिशवी पोहोचवली. एक घर सोडून.

"आणि शेजारी जावेकडे?" कोणीतरी विचारलंच.

"त्यांनी माझ्या बादल्यांत साबण घातला. साबणच खाऊ देत."

दोन दिवसांत गल्लीभर झालं. मोठी जाऊ दुकानात गेली की बायका बोलायच्या थांबत. त्यातच दार उघडत नाही म्हणून रस्त्यावर उभ्या केलेल्या दिरांच्या गाडीचा आरसा एका टेम्पोनं उडवला. मग ती आली. दारातच उभी राहिली.

"फूटभर तरी सरकव गं."

"सिमेंट फोडून द्या. माती भरून द्या. त्या दिवशी फूटभर सरकवीन."

मोठ्या जावेनं वळून सिमेंटकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी माणसं बोलावते."

रविवारी घणाचे घाव पडत होते. धाकटी खुर्ची टाकून समोर बसली होती. प्रत्येक घावाला तिच्या छातीतलं काहीतरी सैल होत होतं. माती भरून झाली आणि तिनं शब्द पाळला. बादल्या फूटभर सरकवल्या, टेप लावून.

आता दार अर्धं उघडतं. मोठे दीर काटकुळे, अंग चोरून निघतात. मोठी जाऊ अंगानं भरलेली, ती गेटबाहेरच उतरते आणि पिशव्या सावरत चालत आत येते.

"अजून थोड्या सरकवल्या तर काय बिघडेल?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. आणि सरकवल्या नाहीत.