एकाच ॲसिडात धुतलेली भांडी

नातवाचं, ध्रुवचं, बारसं झालं ते साल २०२३. पेढे घेऊन नॉलेज सिटीतल्या आमच्या प्रयोगशाळेत कामावर गेलो, तर ऋजुता काचेच्या भांड्यासमोर रडत उभी.

"काका, बुडबुडे बघा! निकेलचे!"

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमची पट्टी उत्तम, पण ती फार महाग. तेच काम स्वस्त निकेलकडून करून घ्यायचं, म्हणून सांगलीची ही मुलगी सहा वर्षं झटत होती. केमोनं डोक्यावर केस राहिले नव्हते. तरी सेक्टर २२ मधल्या खोलीवरून रोज यायची.

"पेढे आज माझ्याकडून हवेत यार," ती म्हणाली.

पेढा माझ्या तोंडातच राहिला. भांडी धुण्याचं काम माझं. प्लॅटिनमच्या प्रयोगाची भांडी ज्या ॲसिडात धुवायची, ते एकदाच वापरून टाकून द्यायचं, कारण त्यात प्लॅटिनम विरघळतं. पण ॲसिड स्वच्छ दिसायचं. आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं. टाकवलं नाही. निकेलच्या प्रयोगाची भांडीही मी त्यातच बुडवत आलो होतो. म्हणजे हे बुडबुडे भांड्याला लागलेल्या प्लॅटिनमचेही असू शकत होते.

दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, पेपर आज छापायला पाठवतेय. पक्का."

"ताई, थांबा."

सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"परवा का नाही बोललात?"

"तुमचा चेहरा बघून."

"चेहरा बघून भांडी धुता का हो तुम्ही?"



तिनं नवं ॲसिड काढलं. भांडं मी धुतलं, ती शेजारी उभी राहून बघत होती. पट्टी निकेलचीच, वीज तेवढीच. बुडबुडे आले, पण तुरळक. एकेक सावकाश वर येत होता. ती भिंतीला टेकून तासभर पाहत राहिली. मग बटण बंद केलं.

पेपर गेला नाही. ती घरी गेल्यावर मी तिची वही उघडली. एकेक अक्षर लावत वाचलं: 'नमुना ४७ चा निकाल बाद. भांड्यात प्लॅटिनमचा अंश. भांडं मी तपासायला हवं होतं.' पुढच्या पानावर 'नमुना ४८' एवढंच लिहिलं होतं.

ते पान तसंच राहिलं. ऋजुता भोसेकर ४ जानेवारी २०२४ रोजी, गुरुवारी सकाळी, वारली. वय चौतीस.