शेवटचं ‘शेवटी’ आणि आईचं ‘आवं’

“साहेब, ह्यातलं शेवटचं ‘शेवटी’ कुठलं?”

मित्रांनो, हा प्रश्न गेला माझ्यातून, पण विचारला अंकितानं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे सारखे “शेवटी एवढंच सांगतो” म्हणायचे आणि पुन्हा नव्यानं सुरू व्हायचे. सूत्रसंचालन अंकिताकडं होतं. मैत्रिणींनी तिला डिवचलं, विचारून दाखव, तर तुला मानलं. पाहुणे पाणी प्यायला थांबले आणि तिनं मला पुढं ओढून विचारलंच. अख्खं मैदान हसलं. पाहुणेही हसले आणि खरोखरच खाली बसले.

मी एक जुना माइक आहे. वायरचा, जड, जाळीला एका बाजूनं पोचा आलेला. मला घडवलं कारखान्यानं, पण बोलतं केलं सांगलीजवळच्या आष्टा गावानं. मंडप-साउंडवाले नाथाजी, म्हणजे अंकिताचे पप्पा, यांनी मला विकत आणलं आणि टिचकी मारून “हॅलो, चेक” म्हटलं. तेच माझं बारसं. मग मी स्वस्थ बसलोच नाही. लग्नात मंगलाष्टका, कुस्तीच्या मैदानात पैलवानांच्या जोड्या पुकारणं, चुकलेल्या पोराच्या आईला स्टेजजवळ बोलावणं. “पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढा” हे तर ठरलेलंच. लोक म्हणायचे, आवाज लय खणखणीत हाय गड्या. मी फुलून जायचो.

मग बिनवायरचे माइक आले. हलके, चकचकीत. माझी वायर कशीही पिळून मला पेटीत टाकलं. बाहेरून वरात जायची, ताशा वाजायचा, आणि आत माझी जाळी नुसती थरथरायची. स्नेहसंमेलनात नव्या माइकची बॅटरी संपली म्हणून मी बाहेर आलो आणि मग तो प्रश्न झाला.

त्या दिवसापासून ना अंकिताला चैन, ना मला. ती मोबाइलवर विनोदाचे कार्यक्रम बघायची आणि मला घेऊन उसाच्या बांधावर उभी राहायची. माझी वायर कशालाच जोडलेली नाही, तिचा पाय एका जागी ठरत नाही, समोर माना डोलवणारा ऊस. तिचा सगळ्यात भारी विनोद आईवरचा होता. आई विजयमाला नवऱ्याचं नाव घेत नाही, “आवं” म्हणते. आष्ट्याच्या बाजारात तिनं हाक मारली, की मेथी निवडणारे सगळे नवरे एकदम वळून बघतात.

आईनं हे ऐकलं आणि ती बिघडली. घरातलं चव्हाट्यावर मांडायचं न्हाई, म्हणाली. सांगलीत नव्या कलाकारांचा विनोदाचा कार्यक्रम होता आणि साउंड नाथाजींचंच होतं. तिथं बोलायचंच म्हणून अंकिता अडून बसली. शेवटी आईनं अट घातली: एकदा उभी राहा. लोक हसले तर पुढचं बघू. न्हाई हसले तर दहावी होईपर्यंत स्टेजचं नाव काढायचं न्हाई. आणि घरातलं अक्षर नको.

सांगलीत अंकितानं हट्टानं मलाच घेतलं. पुस्तकी भाषेत ती ट्रॅफिकवर बोलली, मोबाइलवर बोलली. कुणी हसेना. मला पंख्यांची घरघर ऐकू येत होती. घाबरून ती मागं सरकली ती थेट साउंड बॉक्ससमोर, आणि मी कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. नाथाजी टेबलाखाली वायरीत वाकलेले. मागच्या रांगेतून आई उठली आणि सवयीनं ओरडली, “आवं!”

सभागृहातले सगळे काका एकदम वळले. एकजण तर पिशवी घेऊन उठला.

अंकिता थबकली. तिनं आईकडं बघितलं. आईनं तोंडाला पदर लावलेला आणि खांदे गदगदत होते. रडते का हसते, मला कळेना. मग पदराआडून तिनं मान हलवली: बोल.

“काका, तुमी बसा,” अंकिता म्हणाली. “ती माझी आई हाय. तिचा नवरा वायरीत अडकलाय.”

एवढं हसू माझ्या जाळीतून कधीच आत शिरलं नव्हतं. मग बाजार आला, मेथी आली, घरची बोली आली आणि पोरीचा पाय जागेवर ठरला.

मित्रांनो, शेवटी एवढंच सांगतो, आणि हे खरंच शेवटचं. माझी वायर पिळू नका, सैल गुंडाळा. आतली तार तुटली तर बाहेरून दिसत नाही. कुणी बोलायला उठलं, तर त्याची बोलीही अशीच पिळू नका.

परत येताना मी टेम्पोत अंकिताच्या मांडीवर होतो. ती माझी वायर बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. आष्टा जवळ आलं, तशी तिनं मला तोंडासमोर धरलं.

“पुढचा कार्यक्रम साताऱ्यात हाय. दहावीचा अभ्यास करून मी तितं उभी राहणार, हे मी ठरवलंय. पप्पा, माइक हाच पायजे. आन् आई, तू मागच्याच रांगेत बसायचंस.”