सोळा वाटे

आत्याने केकवर सुरी ठेवून दाबली. सुरी रुतली आणि ओढताना अख्खा केक तिच्याबरोबर वर आला.

"हा खायचा आहे, की दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायचा?"

"साखर निम्मी केली, लोणी निम्मं केलं," भाची म्हणाली. "थोडा कोरडा होणारच."

"थोडा?"

भाची आहारतज्ज्ञ होती. आत्याचं पाककृतींचं पुस्तक तिच्या ऐन उमेदीत निघालं होतं आणि बरीच वर्षं कुठे मिळत नव्हतं. आता एक प्रकाशक ते पुन्हा काढायला तयार होता, पण आजच्या खाणाऱ्याच्या तब्येतीला मानवेल असं करून. ते काम भाचीकडे आलं. सूप आणि भाज्या सुतासारख्या सरळ झाल्या. तेल कमी, मीठ कमी, आत्याने चाखून मान डोलावली. घोडं अडलं ते गोडापाशी. हा तिसरा केक होता.

"असला केक माझ्या नावावर खपवायचा नाही," आत्या म्हणाली. "माझं नाव काढ आणि मग काय हवं ते छाप."

आत्याच्या नावाशिवाय प्रकाशकाला पुस्तक नको होतं. आणि आत्या एकदा नाही म्हणाली की ती काळ्या दगडावरची रेघ. भाचीने खुर्ची जवळ ओढून तक्त्याचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"हे बघ. तुझ्या मापाने एकेकाच्या पोटात किती साखर जाते ते. एवढी मी माझ्याकडे येणाऱ्यांना दोन दिवसांतही खाऊ देत नाही."

आत्याने चष्मा चढवला. तिचं बोट रकाने ओलांडत एका आकड्यापाशी थांबलं.

"वाटे सहा? मी असं कधी लिहिलं?"

"तू सोळा लिहिलं होतंस. एवढ्याशा केकचे सोळा वाटे कसे होतील? मला छपाईची चूक वाटली. पहिल्याच दिवशी दुरुस्त केली."

"दुरुस्त केलीत? बरं केलंत हो, डॉक्टरीणबाई."

आत्या उठली आणि ओट्याशी उभी राहिली. साखर पुरती घातली, लोणी पुरतं घातलं, भाचीला नुसतं बघायला लावलं. केक पूर्ण निवेपर्यंत तिने त्याला कोणाचं बोट लागू दिलं नाही. मग कापला. आधी चार, चारांचे आठ, आठांचे सोळा. बोटाएवढा एक तुकडा तिने बशीत आडवा ठेवला.

भाचीने तो खाल्ला. बशीतला चुराही बोटाने टिपला. मग तिचा हात पुढच्या तुकड्याकडे गेला, तोवर आत्याने केक डब्यात ठेवून झाकण दाबलं होतं.

"उद्या."

"अगं, एकच?"

"आम्ही घरात आठ माणसं. आज एकेक, उद्या एकेक. तुझा बाप भोकाड पसरायचा, पण मिळायचा एकच."

भाचीने मनातल्या मनात सोळाने भागून पाहिलं. आकडा तिच्या मर्यादेत बसला, वर थोडी जागा उरली. साखरेला हात लावायचं कारणच नव्हतं. तिने सहा खोडून सोळा केले.

आत्या जरा आडवी व्हायला आत गेली. भाची कागदांवर बसली. मधेच उठून तिने डबा उघडला आणि उभ्याउभ्याच एक तुकडा खाल्ला. परत येऊन दोन ओळी लिहिल्या. पुन्हा उठली.

चहाला आत्या बाहेर आली, तेव्हा भाची कृतीचं पान हातात घेऊन बसली होती. आत्याने डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"वाच," भाची म्हणाली.

मापं जुनीच होती. वाटे सोळा होते. शेवटी मात्र एक पायरी वाढली होती: केक कापून झाल्यावर डबा बंद करावा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्यावा.

आत्याने ती ओळ दोनदा वाचली.

"आणि जो एकटाच राहतो, त्याने काय करायचं? तुझ्यासारख्याने?"

"ते अजून सुचलेलं नाही," भाची म्हणाली.

आत्याने पान टेबलावर ठेवलं आणि डबा काखेत घेतला.

"माझं नाव राहू दे," ती म्हणाली आणि डबा घेऊन आपल्या खोलीत गेली.